डेटाबेस सुरक्षेवरचं सुरुवातीचं संशोधन

डेटाबेसमधली माहिती नको त्या माणसाच्या हाती लागू नये म्हणून काय करायचं, यावर साधारण १९७० ते १९९० या काळात, मुख्यतः अमेरिकेत, जे काम झालं त्याबद्दलची ही नोंद. आज डेटाबेस सिक्युरिटी म्हटलं की हॅकर, चोरलेले पासवर्ड असलंच काही डोळ्यासमोर येतं, पण तेव्हाच्या लोकांना छळणारा प्रश्न वेगळा होता आणि माझ्या मते जास्त अवघड होता. माणूस रीतसर लॉगिन करून आलाय, ज्याची परवानगी आहे तेवढंच विचारतोय, आणि तरीही जे कळायला नको ते त्याला कळतंय, मग काय?

परवानगीचा भाग त्यातल्या त्यात लवकर सुटला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या इन्ग्रेस या डेटाबेस प्रोजेक्टमध्ये स्टोनब्रेकर आणि वाँग यांनी १९७४ मध्ये युक्ती काढली की युजरने क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) टाकली की सिस्टिमनेच गुपचूप तिला जास्तीच्या अटी जोडायच्या, म्हणजे त्याला त्याच्या वाटणीचंच दिसेल. १९७६ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम आर या डेटाबेससाठी ग्रिफिथ्स आणि वेड यांनी ग्रँट-रिव्होकची पद्धत मांडली: मी तुला हक्क दिला, तू पुढे तिसऱ्याला दिलास, आता मी तुझा काढला तर त्या तिसऱ्याचाही जाणार, पण त्याला दुसऱ्या कुणाकडून आधीच मिळालेला असेल तर राहणार. ऐकायला सोपं वाटतं, पण यातही गोची निघाली, १९७८ मध्ये फेगिनने दाखवलं की मूळ पद्धतीत कधीकधी ज्याचा हक्क टिकायला हवा त्याचाही जातो, आणि त्याने दुरुस्तीही दिली. आजच्या एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले ग्रँट आणि रिव्होक त्याच घराण्यातले.

खरी गंमत स्टॅटिस्टिकल डेटाबेसमध्ये आहे, म्हणजे एकेकाची माहिती न देता फक्त गटाचे आकडे देणाऱ्या डेटाबेसमध्ये. १९६० च्या दशकात अमेरिकन सरकारी खात्यांची माहिती एकत्र करून नॅशनल डेटा सेंटर उभारायचा प्रस्ताव आला, १९६६ मध्ये त्यावर संसदेत सुनावण्या झाल्या, लोकांनी आरडाओरडा केला आणि तो बारगळला. समर्थकांचं म्हणणं असायचं की आम्ही कुणा एकाची माहिती देणारच नाही, फक्त बेरजा आणि सरासऱ्या देऊ. हे पुरेसं नाही हे हॉफमन आणि मिलर यांनी १९७० मध्येच दाखवलं, आणि १९७५ मध्ये जर्मनीतल्या श्लोररने वैद्यकीय डेटाच्या बाबतीत तेच आणखी खोलात जाऊन मांडलं.

एक बनवलेलं उदाहरण घ्या. कॉलेजात २०० प्राध्यापक, डेटाबेस फक्त पगारांची बेरीज सांगतो, आणि नियम असा की निवडलेल्या गटात ५ पेक्षा कमी किंवा १९५ पेक्षा जास्त माणसं असली तर उत्तर नाही. (१९५ ची मर्यादा कशाला? तर सगळ्यांच्या बेरजेतून ‘एक सोडून सगळे’ वजा करता येऊ नये म्हणून.) फिजिक्समध्ये १२ जण, त्यात एकच बाई. आता फिजिक्सची बेरीज विचारा, मग फिजिक्समधल्या पुरुषांची विचारा, वजाबाकी करा, झाला बाईंचा पगार हातात! दोन्ही प्रश्न नियमात बसणारे. या मदतनीस गटाला ट्रॅकर म्हणतात.

१९७९ मध्ये डोरोथी डेनिंग, पीटर डेनिंग आणि श्वार्ट्झ यांनी तर याहून वाईट बातमी दिली. प्रत्येक माणसासाठी वेगळा ट्रॅकर शोधायचीही गरज नाही, एकच सर्वसाधारण ट्रॅकर सगळ्यांना पुरतो. समजा कॉलेजातले ९० जण जुने आणि ११० नवे. ‘त्या बाई किंवा जुने’ यांची बेरीज घ्या, ‘त्या बाई किंवा नवे’ यांची घ्या, दोन्ही मिळवा. जुने आणि नवे मिळून अख्खं कॉलेज येतंच, पण बाई एकदा जास्तीच्या मोजल्या जातात, तेव्हा जुन्यांची आणि नव्यांची बेरीज वजा केली की उरतो तो त्यांचा पगार. आणि असे ट्रॅकर शोधणं किती सोपं आहे हे १९८० मध्ये डेनिंग आणि श्लोरर यांनी दाखवलं. म्हणजे गटाच्या आकाराचा नियम जवळपास शोभेचाच.

उपाय सुचवले गेले: आकडे थोडे हलवायचे, पूर्णांकात करायचे, आधीच्या प्रश्नांची नोंद ठेवून नवा प्रश्न तपासायचा, किंवा अख्ख्या गटाऐवजी त्यातल्या रँडम नमुन्यावरून उत्तर द्यायचं (हा डेनिंगबाईंचाच, १९८०). प्रत्येकात काहीतरी द्यावं लागतं, आकडा बिघडतो नाहीतर कामाचा प्रश्न अडतो. पुढे २००६ च्या सुमाराला आलेली डिफरन्शियल प्रायव्हसी हा आकडे हलवायचाच प्रकार, फक्त किती हलवले की किती लपतं याचा पक्का हिशोब मांडलेला.

तिसरी शाखा लष्कराची. तिथे एकाच टेबलात साधी आणि गुप्त माहिती शेजारी शेजारी. हिंके आणि शेफर यांनी १९७५ मध्ये मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल असं डिझाइन केलं, १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलला हवाई दलाने या प्रश्नावर तज्ज्ञ बसवले, आणि नंतर एसआरआय या संशोधन संस्थेत अशाच डेटाबेसचा सीव्ह्यू हा प्रोजेक्ट झाला. तिथली अडचण भारी आहे. समजा एका जहाजाची गुप्त नोंद आधीच आहे आणि साध्या दर्जाचा कारकून त्याच जहाजाची नोंद टाकायला गेला. ‘अशी नोंद आधीच आहे’ म्हणून नकार दिला, तर त्या नकारातूनच कळलं की काहीतरी लपवलंय. म्हणून पॉलिइन्स्टॅन्शिएशन: दोन्ही नोंदी ठेवायच्या, एकाच जहाजाच्या, वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दोन्ही दिसतात, कारकुनाला त्याची एकच दिसते आणि तो तीच खरी समजून घरी जातो.