बुश खालचा झिजतो, दोष वरचा असतो

विदर्भाला समुद्र नाही, पण पूर्व भागात पाण्याची वानवाही नाही. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, रामटेकजवळची खिंडसी, वैनगंगेवरचं गोसेखुर्द. या पाण्यावर ढिवरांचा डोंगा चालतो आणि त्याला सुकाणू लागत नाही; मागे बसलेला माणूस वल्ह्यानेच तोंड वळवतो. मागच्या फळीला अडकवलेलं आउटबोर्ड मशीन असेल तर अख्खं मशीनच वळतं. सुकाणूची भानगड सुरू होते ती इंजिन बोटीच्या पोटात गेल्यावर. सैलानींना फिरवणाऱ्या मोठ्या लाँचला ते असतं, आणि भर समुद्रात गळाने मोठे मासे पकडायला निघणाऱ्या स्पोर्टफिशिंग बोटीला तर ते फारच कठोर नोकरी करतं. ती बोट ताशी 45-50 किलोमीटरने धावते, झटक्यात वळते आणि मासा गळाला लागला की जोरात उलटीही चालते. तिच्या सुकाणूचं गणित कळलं की तलावातल्या लाँचचं वेगळं शिकावं लागत नाही.

रचना साधी आहे. पाण्यात उभं पातं, पात्यातून वर निघालेला जाड दांडा, तो बोटीच्या तळातल्या नळीतून आत येतो. तळाशी एक बेअरिंग, वर एका आडव्या पाटावर दुसरं. या दोघांच्या मध्ये किंवा वर दांड्याला फिरवणारा स्टीअरिंगचा आडवा हात. बेअरिंग म्हटलं की डोळ्यांसमोर छर्‍यांचं, गरगर फिरणारं काहीतरी येतं. इथे तसं काही नसतं. सुकाणू उजवीकडे 35 अंश, डावीकडे 35 अंश, एवढंच हलतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी साधा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी जाड बाही, पुरतो. बुशाचं खरं काम दांड्याला फिरू देणं हे नाहीच. बाजूने येणारा रेटा झेलणं हे आहे.

रेटा किती? पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साधारण 40 सेंटिमीटर रुंद आणि 37 सेंटिमीटर उंच पातं घ्या, बोटीचा वेग सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर, आणि सुकाणू चांगलंच वळवलेलं. पात्यावर सुमारे 7500 न्यूटन, म्हणजे 760 किलोच्या आसपास जोर पडतो. वेग अर्धा केला तर तो पाव होतो, 190 किलो. तलावातली लाँच वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते आणि तेच सामान समुद्रातल्या बोटीत एका मोसमात खुळखुळं होतं, त्याचं अर्धं उत्तर या वर्गात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर दोन बेअरिंगमधल्या अंतरात आहे. पातं तळाच्या खाली लोंबकळतं. त्याला खालून आधार नाही. समजा जोराचा मध्य खालच्या बुशाच्या 25 सेंटिमीटर खाली आहे आणि दोन बुशांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर आहे. खाली पातं डावीकडे रेटलं जातं, तसा दांड्याचा वरचा शेंडा उजवीकडे उसळू पाहतो. त्याला धरून ठेवायला वरच्या बुशाला 475 किलो जोर लावावा लागतो. खालच्या बुशावर मात्र दोन्हींची बेरीज येते: 760 अधिक 475, म्हणजे 1235 किलो. पाण्याने दिलेल्या जोरापेक्षा कितीतरी जास्त! आता जागा नाही म्हणून किंवा आळसाने कुणी हेच अंतर 20 सेंटिमीटर ठेवलं, तर वर 950 आणि खाली 1710 किलो. पातं तेच, पाणी तेच, वेगही तोच.

बोट बांधणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी तरी बुश कुठल्या कंपनीचा हे विचारणार नाही. वरचा टेकू किती उंचावर आणि कशावर बसवला आहे, हे विचारीन.

दांड्याची जाडीही याच हिशेबात येते. वरच्या उदाहरणात दांड्याला वाकवणारा जोर खालच्या बुशापाशी सर्वांत जास्त असतो. 316 जातीच्या साध्या स्टेनलेस स्टीलचा 40 मिलिमीटर दांडा तिथे कायमचा वाकेल. 50 मिलिमीटरचा टिकेल. दंडगोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणून व्यास सव्वापट केला की ताकद जवळजवळ दुप्पट होते.

पवनी-लाखांदूरकडच्या एखाद्या लेथवर लाँचचा जुना बुश आला, तर तो फेकण्याआधी हातात घेऊन उजेडात धरा. भोक गोल राहिलेलं नसतं, लांबट झालेलं असतं, आणि लांबी बोटीच्या डाव्या-उजव्या दिशेत असते. बंडीचा आख खालच्याच अंगाने झिजतो, कारण ओझं नेहमी खालीच दाबतं. सुकाणूच्या बुशाला ओझं असं नसतंच, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने धक्के असतात. (पात्याचं स्वतःचं वजन वरच्या कॉलरखालची एक वॉशर आरामात पेलते, त्याची चर्चा नको.) आता बुशाच्या दोन्ही कडा पाहा. झीज पूर्ण लांबीत सारखी असेल तर बुशाचं आयुष्य संपलं, एवढंच. पण एका बाजूला वरची कड आणि समोरच्या बाजूला खालची कड खाल्लेली दिसली, तर दांडा आत तिरपा होत होता. दहा सेंटिमीटर लांबीच्या बुशाने उचलायचा भार बोटभर कडेवर आला होता. असा बुश नवा घातला तरी लवकरच तसाच होणार.

तिरपा का होतो? बहुतेक वेळा वरचा पाट हलतो म्हणून. फायबरच्या बोटीत हा पाट पुष्कळदा प्लायवूडवर फायबर चढवून केलेला असतो. बोल्टसाठी भोकं पाडली आणि त्यांच्या आतल्या कडा तशाच उघड्या ठेवल्या, की पाणी लाकडात शिरतं आणि ते आतून कुजतं. वरून सगळं चकचकीत. पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावं: भरीव ठिकाणी टणक आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी भद्द. इलाज माहितीतला आहे. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक पाडायचं. बोल्टखाली छोट्या वॉशरऐवजी रुंद पट्टी द्यायची. पाट खालच्या लांब पट्ट्यांना दोन्हीकडे नीट जोडायचा. बोटीच्या तळातही, जिथून नळी बाहेर पडते तिथे, फायबरच्या दोन थरांमधला फोम किंवा बाल्साचं हलकं लाकूड काढून भरीव फायबर हवंच.

वरचा बुश बसवताना फूटपट्टी, ओळंबा यांच्या नादी लागू नये. खालचा बुश पक्का झाल्यावर दांडा घालायचा, वरच्या बुशाचं घर त्याच्यावर सरकवायचं, दांडा मोकळा फिरतो ना पाहायचं, आणि घराखाली इपॉक्सीचा लगदा भरून तो तसाच वाळू द्यायचा. बोल्ट नंतर कसायचे. दांडाच आपली सरळ रेषा सांगतो. महागड्या बोटींत वरचं बेअरिंग गोलाकार घरात बसतं आणि दांड्याच्या कलाप्रमाणे स्वतःच झुकतं, पण ढिल्या पाटावर तेही काही करू शकत नाही.

आता बुशाचा पदार्थ. लेथवरचा मिस्त्री हमखास म्हणेल, "नायलॉनचा करून देऊ का जी? स्वस्तात होते." कोरड्या जागी नायलॉन गुणी आहे. पाण्यात मात्र ते फुगतं. साधं नायलॉन पूर्ण भिजलं तर वजनाच्या 8-9 टक्के पाणी पितं. बाहेरून नळीने जखडलेलं असल्यामुळे फुगायला जागा आतच उरते. सहा मिलिमीटर जाडीचा बुश आतल्या बाजूने दशांश मिलिमीटरच्या घरात वाढला, तरी दांडा आवळला जातो. बसवताना छान फिरणारं सुकाणू पंधरवड्यात जड झालं, तर संशय आधी इथे घ्यावा. अॅसिटल हे प्लास्टिक त्या मानाने फार कमी पाणी घेतं, आणि अतिजड रेणूंचं पॉलिथिलीन जवळजवळ घेतच नाही. कांस्याचा बुश तर आहेच. प्लास्टिकच्या बुशाला ग्रीसची गरज नसते. पाणीच त्याचं वंगण.

पाण्याने वंगण, ही कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवी वाटू नये. बोअरवेलमधल्या पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीचे बुश त्याच पाण्यावर चालतात. जहाजांत याची सुरुवात लाकडापासून झाली. 1854 साली इंग्लंडच्या जॉन पेन यांनी जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यासाठी लिग्नम व्हायटी या पाण्यात बुडणाऱ्या, राळेने भरलेल्या लाकडाच्या पट्ट्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्यानंतर आलेलं खाचांचं रबरी बेअरिंग तर खाणीतून बोटीत आलं: कॅलिफोर्नियातले खाण अभियंता चार्ल्स शेरवुड यांनी पंपाचं बेअरिंग गेल्यावर तात्पुरता रबरी नळीचा तुकडा घातला, तो मूळ बेअरिंगपेक्षा जास्त टिकला. चिखलाचे कण रबराला दबवतात आणि खाचांतून वाहून जातात. काळ्या मातीचा गाळ उतरणाऱ्या आपल्या तलावांसाठी हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्टेनलेसचा दांडा गंजत नाही, हा समज समुद्रात फार महाग पडतो. त्याच्यावरचा संरक्षक थर ऑक्सिजनमुळे टिकतो. बुशाच्या आत, ग्लँडच्या (दांड्याभोवती दोरी दाबून पाणी अडवणाऱ्या जोडाच्या) दोरीखाली पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो, आणि खारट पाण्यातले क्लोराइड तिथेच खड्डे पाडतात. दांडा बाहेरून आरशासारखा आणि बुशाच्या आतल्या भागात कुरतडलेला, असं दिसतं ते यामुळे. गोड्या पाण्यात हा त्रास बराच कमी. दोन धातूंच्या जोडीने होणारी झीजही कमी, कारण गोडं पाणी वीज कमी वाहतं. म्हणूनच समुद्रात जस्ताचे बळीचे (बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे) तुकडे लावतात आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. समुद्राची बोट तलावात आणली तर हे तुकडे बदलायला हवेत.

ग्लँडच्या दोरीबद्दल एक इशारा. पंपाच्या दुकानात मिळणारी काळी, ग्रॅफाइट लावलेली दोरी समुद्रातल्या बोटीच्या ग्लँडमध्ये भरू नये. ग्रॅफाइट आणि धातू यांची बॅटरी तयार होते आणि मार धातू खातो. पंख्याच्या ग्लँडमधून थेंब गळणं चालतं, किंबहुना दोरीवाल्या ग्लँडला ते हवंच असतं. सुकाणूच्या ग्लँडमधून गळू नये.

उलट्या चालीचं वेगळं सांगायला हवं. दांडा पात्याच्या अगदी पुढच्या कडेला न ठेवता जरा मागे घेतात, म्हणजे पाण्याच्या जोराचा मध्य दांड्याच्या जवळ येतो आणि चाक हलकं लागतं. आपल्या 40 सेंटिमीटरच्या पात्यात हे अंतर पुढे जाताना चार-पाच सेंटिमीटर असेल. बोट मागे नेली की मागची कड पुढची होते, जोराचा मध्य तिकडे सरकतो आणि तेच अंतर वीस सेंटिमीटरच्या वर जातं. हातातलं चाक हिसकलं जातं, पातं भर्रकन एका टोकाला आदळतं. तिथे त्याला रोखणारा अडसर दांड्याजवळ, पाटाला पक्का बसवलेला नसेल, तर तो धक्का पातं वळवणाऱ्या स्टीअरिंगच्या सिलिंडरवर जातो.

मे महिन्यात पाणी उतरलं की लाँच काठावर घेतात. तपासणीचा मोका तोच. बुडालेल्या झाडांच्या खोडांवर पातं आपटून दांडा वाकला असेल तर याच वेळी कळतं: सुकाणू एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू फिरवा, मध्येच एका जागी जड आणि पुढे हलकं लागलं तर दांडा सरळ नाही. मग एकाने पात्याचं खालचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकलावं आणि दुसऱ्याने आत जाऊन वरच्या बेअरिंगवर बोट ठेवावं. दोन्ही बुशांत अर्धा-अर्धा मिलिमीटर सैलपणा असला तरी खालच्या टोकाशी तो दीड मिलिमीटरच्या वर दिसतो, तेवढ्याने घाबरू नये. पण दांड्याबरोबर बेअरिंगचं घर किंवा पाटच हलताना बोटाला जाणवला, तर नव्या बुशाचे पैसे आधी पाटावर खर्च करा.