सही टिकवायची तर हातात कोणतं पेन द्यावं?

आमच्या घरी एक लहान बॅट आहे. खेळायची नव्हे, सह्या घेण्यासाठी विकतात तशी, जेमतेम हातभर. तिच्यावर आमच्या तालुक्याच्या संघातल्या अकरा जणांच्या सह्या आहेत, म्हणजे होत्या. पंधरा वर्षं ती बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेली होती. काळ्या मार्करच्या आठ सह्या आता तांबूस-जांभळ्या दिसतात. बॉलपेनच्या दोन तर पुसल्यासारख्याच झाल्या आहेत. एकच सही काल केल्यासारखी काळीभोर आहे, कारण त्या खेळाडूने आम्ही पुढे केलेला मार्कर न घेता खिशातलं स्वतःचं पेन काढलं होतं.

या फरकाचं मूळ शाईच्या रंगात आहे. शाईला रंग दोन प्रकारे देता येतो. डाय, म्हणजे रंजक, द्रवात पूर्ण विरघळतो, पाण्यात साखर विरघळावी तसा. पिगमेंट, म्हणजे रंगकण, विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म घन कण द्रवात तरंगत राहतात.

घरी हे सहज बघता येतं. टीपकागदाची पट्टी घ्या, खालच्या कडेपासून दोन बोटं वर काळ्या पर्मनंट मार्करने ठिपका द्या आणि पट्टीचं टोक स्पिरिटमध्ये किंवा पातळ सॅनिटायझरमध्ये बुडवा. ठिपका मात्र द्रवाच्या वर राहू द्या. स्पिरिट कागदातून वर चढतं आणि जाताना ठिपक्यातला रंग ओढून नेतं. पाच-दहा मिनिटांत त्या एका काळ्यातून जांभळा, निळा, कधी लालसर असे पट्टे वेगळे होतात. तो काळा रंग मुळात तीन-चार रंजकांचं मिश्रण होता. हाच ठिपका पिगमेंटच्या पेनने दिला तर तो जवळजवळ जागचा हलत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पेनावर काय छापलंय याला त्यात काही किंमत उरत नाही.

आता खिडकीतल्या बॅटकडे येऊ. रंजकाचा रेणू रंगीत दिसतो तो त्यातल्या एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. प्रकाशाच्या ऊर्जेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने ती साखळी तुटते आणि रंग जातो. विरघळलेल्या रंजकाचा प्रत्येक रेणू असा उघड्यावर असतो. रंगकणात असंख्य रेणू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. बाहेरचे झिजले तरी आतले शाबूत राहतात. मार्करमधल्या मिश्रणातली सगळी रंजकं एकाच वेगाने मरत नाहीत. जी आधी गेली ती गेली, उरलेल्यांचा रंग दिसतो, म्हणून काळ्याचा तांबूस-जांभळा होतो. खिडकीची काच मदतीला येईल असं वाटतं, पण साधी काच अतिनील किरणांपैकी एक भागच अडवते. रंग उडवायला पुरेशी किरणं आत येतातच, आणि दृश्य प्रकाशही काही निरुपद्रवी नाही. नाजूक कागदपत्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) जास्त उजेड पडू नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. थेट उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो.

मार्करवरच्या ‘पर्मनंट’ या शब्दाचा अर्थ पाण्याने जात नाही एवढाच आहे, उन्हाला टिकतो असा नाही. सही घेणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या ती दिव्याची काजळी आणि डिंक खलून केलेली असे. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनचा रंग उजेडाने उडत नाही. बोरूने लिहिलेली दोन-तीनशे वर्षांपूर्वीची अक्षरं आजही काळीशार दिसतात. १९८२ साली जपानच्या साकुरा कंपनीने ‘पिग्मा’ ही पिगमेंटची शाई आणली. तिच्यावर चालणारी बारीक टोकाची पेनं आता आपल्याकडच्या चित्रकलेच्या दुकानांतही मिळतात. पुस्तकाच्या पानावर किंवा स्वाक्षरीच्या वहीत सही घ्यायची असेल तर मी डोळे मिटून हेच पेन पुढे करेन. साधा मार्कर कागदावर नकोच. त्यातलं अल्कोहोल धाग्याधाग्यांतून पसरतं, शाई फुटते आणि मागच्या पानावरही उमटते. फाउंटन पेनाची सही देखणी दिसते, पण त्याच्या बहुतेक शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंजकांच्या असतात, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत अशी वही ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

सामन्याच्या तिकिटावर सही घेताना आधी तिकीट नखाने खरवडून बघा. काळी रेघ उठली तर तो उष्णतेने छापणारा कागद आहे. त्याच्या थरात रंग देणारं आणि रंग उमटवणारं अशी दोन रसायनं शेजारी-शेजारी, पण वेगळी बसलेली असतात. मार्करमधलं अल्कोहोल दोन्ही विरघळवून त्यांची गाठ घालून देतं आणि सहीभोवती काळा डाग पडतो. इथे बॉलपेनही जपूनच चालवावं लागतं.

गडद निळ्या जर्सीचं शास्त्र निराळंच आहे. रंजकाची शाई पारदर्शक असते. ती प्रकाशातला काही भाग गिळते, नवा प्रकाश परत पाठवत नाही. त्यामुळे गडद कापडावर कुठलाही साधा मार्कर दिसत नाही. तिथे पेंट मार्कर लागतो. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, २.५ च्या वर आहे, हिऱ्याच्याही पुढे, म्हणून त्याचा पातळ थरही खालचा निळा झाकून टाकतो. मात्र हे कण पाण्याच्या चौपट जड असल्याने तळाशी बसतात. मार्कर हलवताना खडखडणारी गोळी त्यांना ढवळायला असते. ती भरपूर खडखडू द्या, मग टोक कागदावर दाबून शाई उतरवून घ्या आणि त्यानंतरच पेन खेळाडूच्या हातात द्या. रांगेत हे सुचत नाही, आणि पहिलाच फटकारा पाणचट येतो.

बॅटच्या लाकडात तर वेगळीच अडचण. विलोच्या उभ्या नलिका शाईला लांबीच्या दिशेने शोषतात, त्यामुळे पातळ शाईची सही आडव्या दिशेने नेटकी राहते आणि उभ्या दिशेने पसरते. जवसाचं तेल लावलेल्या बॅटवर शाई नीट धरतही नाही. म्हणून कोरी, तेल न लावलेली बॅट आणि पटकन वाळणारं पिगमेंटचं पेन हेच बरं.

बॉलपेनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. परवा ती बॅट खाली काढली, खोली अंधारी केली आणि मोबाइलचा टॉर्च लाकडाला अगदी लगटून, तिरका धरला. दस्तऐवज तपासणारे तज्ज्ञ हीच पद्धत वापरतात. बॉलपेनच्या गोळीने मऊ विलोत दाबून ठेवलेल्या चरांच्या एका कडेला सावली पडली आणि गेलेली सही अक्षर न् अक्षर उभी राहिली. तिच्याखाली ‘सप्रेम’ असंही लिहिलेलं होतं.