शेतातून वीजवाहिनी जातेय? मोबदल्याचा अर्ज कुठे अडतो ते आधी पाहा

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा केंद्रांची वीज बाहेर न्यायची असो की शेतीला दिवसा सौर वीज द्यायची असो, नव्या पारेषण वाहिन्यांशिवाय भागणार नाही. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार उरलेल्यांवर येतो, आणि त्या आधीच भरलेल्या असतील तर त्याही जातात. १२ ऑक्टोबर २०२० ला ठाण्याजवळच्या कळव्याकडे येणाऱ्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. वाहिन्या हव्यातच. पण ज्याच्या वावरात टॉवर उभा राहतो त्याचा पैसा कागदापायी अडता कामा नये.

मोबदला ६६ केव्ही आणि त्यावरच्या, टॉवरवरून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी मिळतो. गावातल्या ११ केव्हीच्या खांबांसाठी अर्ज करू नका, तो परत येतो. दुसरं, हे भूसंपादन नाही. जमीन तुमच्याच नावावर राहते, त्यामुळे ‘रस्त्याला मिळाला तसा चौपट भाव द्या’ असा अर्ज टिकत नाही.

केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला आहे. २०१५ मध्ये हेच आकडे ८५ आणि १५ होते. हातात येणारी रक्कम मात्र राज्याच्या शासन निर्णयावर ठरते, म्हणून नोटिशीत कोणत्या तारखेचा शासन निर्णय लिहिलाय ते वाचा. लिहिलेला नसेल तर लेखी विचारा.

टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधली जागा आणि प्रत्येक बाजूला एक मीटर. पाय आठ-आठ मीटरवर असतील तर १०० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एक गुंठा. पट्टा त्याहून कितीतरी मोठा असतो. २२० केव्हीला तो साधारण ३५ मीटर रुंद धरतात, म्हणजे शंभर मीटर लांबीच्या वावरात ३५ आर. टॉवरचे पैसे घेऊन पट्टा मागायचाच विसरलेले शेतकरी बरेच भेटतात. या पट्ट्यात पुढे घर किंवा गोठा बांधता येत नाही, तेव्हा तो सोडू नका.

कागद नेहमीचेच: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक. अडतं ते सातबाऱ्यावर. आजोबा जाऊन वर्षं झाली तरी नाव त्यांचंच असतं, आणि पैसा नाव असणाऱ्यालाच मिळतो. वारस नोंद झाली तरी फेरफारावर हरकतीसाठी १५ दिवस सोडावे लागतात, त्यामुळे मोजणीवाले गावात दिसले की त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जा. सामायिक खात्यात सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाची सही आधीच घेऊन ठेवा.

काटोल-नरखेडकडे सर्वात जास्त नुकसान संत्र्यात होतं. वावरात बहाराला आलेली झाडं आणि पीक पाहणीत ‘सोयाबीन’! नोंद नाही म्हणून झाडं नाहीत, असं कार्यालयात बसून सांगणं सोपं असतं. ज्याने ती कलमं पोटच्या पोरासारखी जपली त्याला ते ऐकवणं बरोबर नाही, पण ऐकवतात. म्हणून ई-पीक पाहणीत संत्रा नोंदवा आणि झाडांचे तारखेसह फोटो ठेवा. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभाग करतो, सागाचं वन विभाग.

पिकाची भरपाई या मोबदल्यापेक्षा वेगळी आहे आणि ती एकदाच मिळत नाही. पाया खोदताना, टॉवर उभारताना, तारा ओढताना असं तीनदा पीक तुडवलं जातं, आणि दर वेळी वेगळा पंचनामा व्हायला हवा. ‘लाईन सुरू झाली की एकदमच मागू’ म्हणून थांबलात तर पऱ्हाटी (कपाशी) उपटलेली असते, मग पंचनामा कशाचा करणार?

कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका, कितीही घाई केली तरी. झाडांची संख्या, वय आणि क्षेत्र तुमच्यासमोर भरून घ्या, रकाना रिकामा असेल तर तिथे रेघ मारायला लावा आणि जागेवरच फोटो काढा.

काम अडवल्याने रक्कम वाढत नाही, कारण वाहिनी टाकणारी कंपनी परवानगीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. रक्कम कमी वाटली तर १८८५ च्या तार कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. हे कलम वीजवाहिन्यांसाठी अजूनही लागू आहे. अर्जाला पंचनाम्याची प्रत जोडा.