एक्सरे नॉर्मल आला म्हणजे नुसतं मुरगळलंय? लहान मुलांत तसं धरू नका

“एक्सरे नॉर्मल आहे, काही नाही, नुसतं मुरगळलंय.” चाळिशीच्या माणसाचा घोटा असेल तर हे बऱ्यापैकी चालतं, पण अकरा वर्षांच्या पोराचा असेल तर ह्याच वाक्यानं घात होतो. मी नाशिकमध्ये एक्सरे टेक्निशियन आहे, निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं नाही, पण टेबलावर पोराला झोपवून पोझिशन देणारा आणि नंतर आईबापाचं बोलणं ऐकणारा मीच असतो, आणि संक्रांतीला गच्चीवरनं पडलेली, मे महिन्यात गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) उड्या मारताना पाय अडकलेली, गोल्फ क्लबच्या मैदानावर धावताना पडलेली पोरं घेऊन येणारा प्रत्येक जण तोच गोंधळ करतो. म्हणून एकदा नीट लिहितोय.

मुरगळणं सगळ्यांना माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट ताणलं किंवा थोडं फाटलं की सूज, काळंनिळं, दुखणं. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर, दोन-चार दिवस आराम आणि मग हळूहळू चालायला लावायचं. झालं.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. पोराचं लांब हाड टोकापर्यंत पक्कं नसतं. टोकाच्या थोडं अलीकडे कूर्चेची, म्हणजे मऊ लवचिक हाडाची, एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ व्या वर्षापर्यंत ह्या पट्ट्या भरून पक्कं हाड होतं, मग उंची थांबते. तोवर ती पट्टी म्हणजे त्या हाडातली सगळ्यात कच्ची जागा, आणि कळीची गोष्ट ही की ती शेजारच्या लिगामेंटपेक्षाही कच्ची असते. दाव्याला बांधलेल्या बैलानं हिसका दिला तर कोरड्या कडक जमिनीत दावं तुटतं आणि ओल्या जमिनीत दावं शाबूत राहून खुंटीच उपटून येते, तसं आहे हे. मोठ्या माणसाचा पाय वळला की लिगामेंट जातं, पोराचा तसाच पाय तितक्याच जोरानं वळला तर लिगामेंट तसंच राहतं आणि पट्टी सरकू शकते. वरून बघाल तर दोन्हीकडे सारखीच सूज, सारखंच लंगडणं, सारखंच रडणं.

आणि खरी अडचण फिल्मवर आहे. कूर्चा एक्सरेत दिसत नाही. हाड पांढरं येतं आणि ही पट्टी काळी रेघ म्हणून येते, म्हणजे पट्टी दिसत नाही, तिची रिकामी जागा दिसते. त्यामुळे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. फिल्म हातात पडली की बाप ती ट्यूबलाइटसमोर धरतो, मनगटाजवळची आडवी काळी रेघ बघतो आणि “हे बघा, इथं तुटलंय की” म्हणून घाबरतो, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो, तिथं कोणी काका ऑपरेशन सांगून मोकळा होतो. ती रेघ नॉर्मल असते, त्या वयाच्या प्रत्येक पोराला असते, दुसऱ्या हाताचा फोटो काढला तर तिथंही तशीच दिसेल. आणि उलट ज्या पोराच्या पट्टीला खरंच लागलंय पण पट्टी जागेवरून हललेली नाही, त्याची फिल्म अगदी स्वच्छ येते, सगळे हुश्श करतात आणि दुसऱ्या दिवशी मालिश सुरू होतं. म्हणजे जे तुटलेलं दिसतं ते तुटलेलं नसतं आणि जिथं लागलंय तिथं काही दिसत नाही. सगळा लेख वाचायचा कंटाळा आला तर एवढंच लक्षात ठेवा.

मग ओळखायचं कसं? बोटानं. चांगला हाडांचा डॉक्टर फिल्म बघायच्या आधी एका बोटानं दाबत दाबत जातो आणि पोराच्या तोंडाकडे बघत असतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टेंगूळ लागतं त्याच्या खाली आणि पुढे मऊ जागेत दुखलं तर लिगामेंटकडे बोट जातं. त्या टेंगळाच्या टोकापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर, थेट हाडावर दाबल्यावर पोर पाय ओढून घेत असेल तर पट्टीचा संशय. आईवडिलांनी घरी दाबून बघत बसू नये, पण डॉक्टरांनी हात न लावता नुसती फिल्म बघून सांगितलं तर “हाडावर दाबून बघता का” असं बिनधास्त विचारावं, त्यात उद्धटपणा काही नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण हल्ली उलट टोकाचंही बोललं जातं की मुलांना मुरगळ होतच नाही, सगळं फ्रॅक्चरच. तसं नाहीये. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लागलेलं, एक्सरे नॉर्मल, अशा मुलांचे एमआरआय काढून बघितले गेलेत तेव्हा बहुतेकांत खरंच लिगामेंट ताणलेलं किंवा हाडाला आतून मुका मार निघाला, पट्टीचं फ्रॅक्चर फार थोड्यांत. आणि त्या जागेचं असलं तरी ते साध्या काढता-घालता येणाऱ्या आधारपट्ट्यानं छान भरतं. म्हणून बाहेरच्या घोट्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

झोप उडायला हवी ती गुडघ्यासाठी, घोट्याच्या आतल्या बाजूसाठी, आणि १२ ते १४ च्या वयातल्या घोट्याच्या पुढच्या भागासाठी. गुडघ्याच्या वरची, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची पट्टी पोराला वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर उंची देते, मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ एकट्या त्या पट्टीतून होते. दहा वर्षांच्या मुलात ती पूर्ण बंद पडली तर वाढ संपेपर्यंत दोन पायांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, आणि अर्धीच बंद पडली तर एक बाजू वाढते, दुसरी नाही, म्हणजे पाय वाकडा होत जातो. ह्या जागेच्या फ्रॅक्चरनंतर वाढ अडकण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. बाइकवरून पडून किंवा कबड्डीत गुडघा आत दाबला जाऊन पोराला पायच टेकवत नाहीये आणि कोणी म्हणतंय लिगामेंट असेल, तर तिथं थांबायचं नाही.

घोट्याच्या पुढच्या भागाचं आणखी वेगळं. नडगीच्या हाडाची खालची पट्टी एकदम सगळी बंद होत नाही, आधी मधून, मग आतल्या बाजूनं, सगळ्यात शेवटी बाहेरच्या बाजूनं. त्या दीडेक वर्षाच्या काळात पाय बाहेर पिळला गेला की पुढचं लिगामेंट उरलेल्या कच्च्या कोपऱ्याचा हाडाचा तुकडाच ओढून काढतं. खुंटी उपटते म्हणालो ती ही. त्याला टिलॉ फ्रॅक्चर म्हणतात, साध्या एक्सरेत कधी कधी पुसट दिसतं, म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात आणि लोकांना वाटतं बिल वाढवायला सांगितलं. तो तुकडा सांध्याच्या आतला असतो, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली तर बहुतेक वेळा स्क्रू लागतो. सीटी सांगितलं तर काढा.

रिपोर्टवर ‘साल्टर-हॅरिस’ लिहून त्यापुढे १, २, ३, ४, ५ असा आकडा दिसतो तो म्हणजे पट्टी कशी तुटली त्याचा प्रकार. कॅनडात टोरांटोच्या साल्टर आणि हॅरिस ह्या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये ही वर्गवारी मांडली, अजून जगभर तीच चालते. १ मध्ये चीर फक्त पट्टीतून, २ मध्ये पट्टीतून जाऊन हाडाच्या दांड्याचा एक कोपरा घेऊन, आणि हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. ३ आणि ४ सांध्यात शिरतात म्हणून त्यांना जास्त जपायचं. ५ म्हणजे पट्टी चिरडली जाणं, ते पहिल्या दिवशी दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, महिन्यांनी वाढ थांबली की कळतं. एवढं पुरे.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. क्रॅक वेगळा आणि फ्रॅक्चर वेगळं असं काही नसतं, एकच आहे. पोराचं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूनं तडकतं ते ग्रीनस्टिक, नुसतं दबून फुगतं ते बकल, दोन्ही सहसा सरळ भरतात. कॅल्शियमच्या गोळीचा ह्या सगळ्याशी काही संबंध नाही, पडल्यावर लगेच कॅल्शियम सुरू करणारे आईबाप बघितले की मला वाईट वाटतं, कारण तेच लोक दुसऱ्या एक्सरेला येत नाहीत.

आणि हो, दुसरा एक्सरे. ह्यावरून माझी रोज कोणाशी तरी वादावादी होते. पहिली गोष्ट, एकाच बाजूनं फोटो काढून भागत नाही, समोरून आणि बाजूनं दोन्ही लागतात, “एकच काढा ना, पैसे वाचतील” म्हणू नका, समोरून सरळ दिसणारं हाड बाजूनं सरकलेलं असू शकतं. कधी कधी डॉक्टर चांगल्या हाताचाही फोटो मागतात, तो तुलनेसाठी असतो, चुकून लिहिलेला नसतो. आणि रेडिएशनची भीती घालू नका, हातापायाच्या एका एक्सरेतलं रेडिएशन आपल्याला निसर्गातून एका दिवसात आपोआप मिळतं त्यापेक्षाही कमी असतं. दुसरी गोष्ट, हाडावर दुखतंय पण फिल्म स्वच्छ आहे अशा वेळी आधार देऊन ७ ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. पट्टीला लागलं असेल तर तोवर हाडाच्या कडेला नवीन हाडाची बारीक पांढरी रेघ धरलेली दिसते, भरून येण्याची खूण. तीच पहिल्या दिवशी न दिसलेली गोष्ट सिद्ध करते.

ह्या मधल्या दहा दिवसांतच सगळा घोळ होतो. आंबेहळदीचा लेप लावा, कातडी फुटलेली नसेल तर त्यानं बिघडत नाही, आजीलाही बरं वाटतं. पण चोळायचं नाही, ओढायचं नाही, “सांधा बसवून देतो” म्हणणाऱ्याकडे न्यायचं नाही. सरकलेली पट्टी आठवडा-दहा दिवसांनी जोर लावून बसवायला गेलं तर पट्टीलाच इजा होते, म्हणून उशिरा आलेल्या पोराला कित्येकदा मोठे डॉक्टरसुद्धा हात लावत नाहीत, थोडं वाकडं भरू देतात. आणि बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेला पट्टा तर त्याहून वाईट, सूज वाढत जाते आणि पट्टा ढिला होत नाही. बोटं सुजली, गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या, किंवा बोट सरळ करायला गेलं की पोर किंचाळतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, पट्टा कापून टाकायचा आणि रात्रीच सिव्हिलला नाहीतर जवळ असेल ते मोठं हॉस्पिटल गाठायचं. डॉक्टरांनी घातलेल्या प्लॅस्टरलाही हेच लागू. स्नायूंचं रक्त काही तास बंद राहिलं तर हात कायमचा आखडतो.

उपचारात फरक एवढाच की मुरगळीला लवकर हलवायचं आणि पट्टीच्या फ्रॅक्चरला आधी जागेवर ठेवायचं. १ आणि २ प्रकारात सहसा, सरकलं असेल तर भूल देऊन बसवून, तीन ते सहा आठवडे प्लॅस्टर, ३ आणि ४ मध्ये बरेचदा तार किंवा स्क्रू, आणि चांगला सर्जन स्क्रू पट्टीच्या आरपार न घालता तिला समांतर घालतो, आरपार जावंच लागलं तर गुळगुळीत बारीक तार आणि तीही लवकर काढतो.

पण प्लॅस्टर निघालं की लोकांना वाटतं संपलं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. मुरगळ बरी झाली की खरंच संपलं. पट्टीचं तसं नाही, तिची तपासणी पुढे सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते, कारण वाढ थांबली का हे वाढूनच कळतं. त्या फिल्मवर पट्टीच्या जवळ एक बारीक पांढरी आडवी रेघ येते, अपघाताच्या वेळी वाढ थबकली होती तिची खूण. पुढच्या फिल्ममध्ये ती रेघ पट्टीपासून लांब गेलेली आणि पट्टीला समांतर असेल तर वाढ नीट चाललीय. ती तिरकी होऊन एका बाजूला पट्टीला चिकटली असेल तर तिथं पट्टीच्या आरपार हाडाचा पूल बनलाय, म्हणजे त्या बाजूची वाढ अडकलीय, आणि हे लवकर सापडलं तर त्यावर इलाज करता येतो. म्हणून जुन्या फिल्म फेकू नका, मोबाइलवर फोटो असला तरी मूळ फिल्म किंवा सीडी घेऊन या, तुलना तिच्याशीच होते.

एक वेगळा प्रसंग, ज्यात धड पडणंही नसतं. दहा ते सोळाच्या वयातलं, थोडं जाड पोर, काही आठवडे लंगडतंय आणि गुडघा दुखतो म्हणतंय. गुडघ्याचा फोटो स्वच्छ, म्हणून पुन्हा “मुरगळलं असेल”. ह्यात दुखणं गुडघ्यात जाणवतं पण गडबड वर खुब्यात असू शकते, मांडीच्या हाडाचं डोकं ग्रोथ प्लेटवरून घसरत असतं. त्याला चालू देऊ नका, उचलून आणा आणि डॉक्टरांना खुब्याच्या एक्सरेबद्दल विचारा, दोन्ही बाजूंचा, बेडकासारखे पाय करून काढतात तो व्ह्यू धरून. आणि सांधा दुखतोय, पोर पाय टेकत नाही, वर ताप आहे, तर ते मुरगळणंही नाही आणि पट्टीही नाही, सांध्यात पू होत असू शकतो, तिथं तासांचा हिशोब असतो, त्याच दिवशी दाखवा.