दाबलेली काच, फुंकलेली काच: बोट आत घालून बघा

जुन्या काचेचा पेला हातात घेतला, त्याच्या अंगावर साच्याची उभी रेघ दिसली, की घेणारा म्हणतो, ‘ही तर मशीनची.’ रेघ दिसली नाही, की विकणारा म्हणतो, ‘बघा, तोंडाने फुंकलेली.’ मुंबईच्या चोर बाजारापासून ऑनलाइन लिलावापर्यंत हा संवाद ठरलेला आहे, आणि बहुतेक वेळा दोघेही चुकतात. साचा फुंकण्यात आणि दाबण्यात, दोन्हींत असू शकतो, त्यामुळे नुसत्या रेघेवरून काहीच ठरत नाही. काच साच्याला टेकवली कशाने, हवेने की लोखंडाने, एवढाच खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर वस्तूच्या आतल्या बाजूला मिळतं.

काच फुंकायची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात सापडली. पोकळ नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकर मारून फुगवायचा आणि फिरवत, झुलवत आकार द्यायचा. पुढच्याच शतकात हा फुगा साच्यात फुंकायला सुरुवात झाली. एनियन नावाच्या कारागिराने तर साच्यातच आपलं नाव ग्रीक अक्षरांत कोरून ठेवलं होतं. त्याची भांडी आजही संग्रहालयांत आहेत आणि त्यांवर साच्याच्या रेघाही आहेत. म्हणजे साच्याची रेघ दोन हजार वर्षं जुनी असू शकते.

दाबलेली काच, म्हणजे प्रेस्ड ग्लास, त्या मानाने कालची. १८२५ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बेकवेलने फर्निचरच्या काचेच्या मुठी दाबून बनवण्याचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास डेमिंग जार्व्हिसने मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावी कारखाना काढला आणि दाबलेल्या बशा, वाट्या, मीठदाण्या घरोघरी पोचल्या. इथे फुंकर नाहीच. लोखंडी साच्यात काचेचा गोळा सोडायचा, कात्रीने तोडायचा आणि वरून तरफेने लोखंडी दट्ट्या दाबायचा. काच दट्ट्या आणि साचा यांच्या मधल्या फटीत पसरते. बाहेरची नक्षी साचा देतो, आतला पृष्ठभाग दट्ट्या देतो, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. साच्यातला मोदक आठवा: बाहेर कळ्या, आत अंगठ्याने केलेला गुळगुळीत खळगा.

फुंकलेल्या काचेत असं होत नाही. हवा सगळीकडून सारखी ढकलते, म्हणून काच साच्याच्या नक्षीबरोबर आतूनही वळते. बाहेर उंचवटा असेल तिथे आत खळगा, बाहेर खाच असेल तिथे आत फुगवटा. तेव्हा बोट आत घाला आणि भिंतीवरून हळूच फिरवा. नक्षी आतही लागली तर साच्यात फुंकलेली. बाहेर ठसठशीत नक्षी आणि आत गुळगुळीत, तर बहुधा दाबलेली. बोट जात नसेल तर उजेडासमोर धरून भिंतीची जाडी बघा. फुंकलेल्या वस्तूत ती नक्षीच्या मागोमाग जाते, दाबलेलीत नक्षीच्या प्रत्येक उंचवट्यापाशी काच जाड होते.

‘बहुधा’ म्हटलं, कारण मधे बिलोरी काच येते. आधी जाडसर वस्तू फुंकायची आणि थंड झाल्यावर चाकावर धरून बाहेरून नक्षी कापायची, ही कट ग्लासची रीत. तीही बाहेर नक्षीदार आणि आत गुळगुळीतच असते. तिची ओळख कडांवर पटते: कापलेली कड बोटाला धारदार लागते, चकाकते, आणि दोन खाचा एकमेकींना छेदतात तिथलं टोक नेमकं असतं. साच्यातून निघालेल्या कडा किंचित गोलसर, जणू झिजलेल्या. सुरुवातीची दाबलेली काच मुळात या महागड्या बिलोरी भांड्यांची स्वस्त नक्कल करायलाच निघाली होती, त्यामुळे लांबून फसायला होतं. पुढे काही कारखान्यांनी नक्षीचा ढाचा दाबून घ्यायचा आणि वरवर चाकावर धार काढायची अशीही युक्ती केली. अशा वस्तूत काही खाचा धारदार आणि काही बोथट सापडतात.

आत नजर टाकण्याआधी निव्वळ आकारावरून बरंच कळतं, आणि माझ्या मते ही कसोटी सगळ्यांत भरवशाची, कारण ती यंत्रशास्त्राची आहे. दट्ट्या ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर यायला हवा. म्हणून दाबलेली वस्तू आतून वर रुंद किंवा निदान सरळ असायला हवी. पोट मोठं आणि गळा अरुंद अशी बाटली दट्ट्याने एका दमात घडूच शकत नाही. अत्तराची कुपी, डिकँटर म्हणजे मद्याची सुरई, औषधाची बाटली यांना फुंकर लागतेच, मग ती माणसाच्या तोंडाची असो वा यंत्रातल्या हवेची. कऱ्हाडजवळ १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाची काच बघा: मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. असा आकार फुंकूनच निघतो.

याला पळवाट आहे. रुंद तोंडाचं भांडं दाबायचं आणि गरम असतानाच तोंड हाताने आवळायचं किंवा त्याला चुण्या पाडायच्या. दुधाचे छोटे जग, चुणीदार काठाच्या फुलदाण्या अशाच बनत. खालचं अंग दाबलेलं आणि वरचा काठ हाताचा असल्याने साच्याची रेघ काठाकडे जाता जाता वाकते किंवा विरून जाते. काही वस्तू तर सरळ दोन्ही पद्धतींच्या. सँडविचच्या सुरुवातीच्या तेलाच्या दिव्यांत टाकी फुंकलेली, पाया दाबलेला आणि दोघांना जोडायला मधे काचेची चकती. असा दिवा ‘दाबलेला की फुंकलेला’ असं विचारण्यात अर्थ नाही.

बुडाकडे वळू. फुंकलेली वस्तू नळीपासून तोडल्यावर काठ नीट करताना ती धरायला बुडाला लोखंडी सळई चिकटवत. ती तोडल्यावर जो खडबडीत व्रण राहतो तो पाँटिल मार्क. चांगल्या कारखान्यात तो घासून गुळगुळीत खळगा करत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाटली बाहेरून पकडणारे चिमटे आले आणि हा व्रण कमी होत गेला. पण व्रण म्हणजे जुनं हे समीकरण आजही फुंकल्या जाणाऱ्या काचेने मोडीत काढलं आहे. काचेतल्या बुडबुड्यांचंही तेच. मुद्दाम बुडबुडे सोडलेली नवी काच बाजारात भरपूर आहे.

टिचकी मारून नाद ऐकण्याची सवय अनेकांना असते. नाद काचेतल्या शिशाबद्दल सांगतो, ती कशी घडवली याबद्दल काहीच नाही. अमेरिकेतली सुरुवातीची चांगली दाबलेली काच शिसं घालून केलेली असे आणि ती छान वाजे. १८६४ मध्ये तिथल्याच व्हीलिंग गावच्या कारखान्यात विल्यम लेटनने सोडा-चुन्याचं सुधारलेलं मिश्रण काढलं. ते दिसायला स्वच्छ आणि खर्चाला बरंच हलकं होतं. दाबलेली काच मग खरोखर स्वस्त झाली आणि तिचा नाद गेला.

दाबलेली म्हणून हलक्या दर्जाची, असं मात्र समजू नये. १८३०च्या आसपासच्या ‘लेसी’, म्हणजे लेससारख्या नक्षीच्या, बशा घ्या. थंड साच्याला लागून काचेवर सुरकुत्या पडत, त्या लपवायला कारागिरांनी सगळी पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी भरून काढली. उजेड त्या ठिपक्यांवर फुटून बशी चांदीसारखी चमकते. उणीव झाकायला काढलेली ही नक्षी मला त्या काळच्या कितीतरी फुंकलेल्या साध्या पेल्यांपेक्षा उजवी वाटते.

बाटल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या सगळ्या फुंकलेल्याच, तेव्हा प्रश्न उरतो तो हाताच्या की यंत्राच्या. हाताने केलेल्या बाटलीचं ओठ शेवटी हत्याराने घडवतात, म्हणून साच्याची रेघ गळ्यातच संपते. यंत्राच्या बाटलीत ती ओठावरून आरपार जाते. मायकल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३चं. म्हणून १९०३ ही सीमारेषा मानतात, पण भारतात हाताने बाटल्या फुंकणं त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होतं. शिवाय ओठ घासून सपाट केलेल्या बरण्यांत हाताच्या कामातही रेघ थेट काठापर्यंत जाते. अशा काठाला बोट लावलं की खरखर लागते.

आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली हा हातकामाचा सुंदर नमुना. हायरम कॉड या इंग्रज इंजिनियरने तिचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं. बाटली साच्यात फुंकायची, गोटी आत टाकायची आणि गळा गरम असतानाच ओठ आवळायचं, की गोटी कायमची कैद. गळ्याला चिमटून आत काढलेले दोन उंचवटे ओतताना गोटी अडवून धरतात. जुन्या बाटलीवर ओठाची जोडणी नजरेला दिसते.

दाबणं आणि फुंकणं एकाच वस्तूत करणारं तंत्रही आलं: आधी दट्ट्याने छोटा जाड साचेबंद पेला काढायचा, मग तो दुसऱ्या साच्यात ठेवून फुंकायचा. १८८२चं आर्बोगास्टचं पेटंट याच कल्पनेचं. रुंद तोंडाच्या बरण्या आणि दुधाच्या बाटल्या अशा झाल्या. त्यांच्या बुडावर नाण्याएवढी गोल रेघ दिसते. ती पाँटिल समजून जादा पैसे मोजणारे भेटतात.

ब्रिटिश दाबलेल्या काचेची एक सोय आहे. साच्यातच खूण कोरता येत असल्याने गेट्सहेडच्या सोवर्बी कारखान्याच्या वस्तूंवर मोराच्या डोक्याची खूण उमटलेली सापडते. नोंदणी केलेल्या नक्षींवर १८४२ ते १८८३ या काळात पत्त्यांतल्या चौकटसारखी आकृती असे. तिच्या टोकावरच्या वर्तुळातल्या तीन उभ्या रेघा म्हणजे काच हा वर्ग. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या. १८८४ पासून नुसती ‘आर डी’ ही नोंदणीची अक्षरं आणि आकडा येतो. भिंगाखाली धरून तो आकडा जुळवला की नक्षीची नोंद कधी झाली ते कळतं. वस्तू त्याच वर्षीची असेल असं नाही. चालणारा साचा कारखानदार वर्षानुवर्षं वापरत.