वैद्यकीय प्रतिनिधींची टीम : बांधणी व प्रोत्साहन

औषध कंपन्यांच्या वैद्यकीय प्रतिनिधींना, म्हणजे एमआरना, घडवणे आणि त्यांची उमेद टिकवणे हे विक्री-व्यवस्थापनातले अवघड काम आहे. एमआर ज्याला भेटतो तो डॉक्टर माल विकत घेत नाही. तो चिठ्ठी लिहितो, पैसे रुग्ण मोजतो. दिवसभर हिंडूनही हातात ऑर्डर पडेलच असे नाही. म्हणून नुसता आकडा पाहून त्याची मेहनत जोखता येत नाही.

चौकट ठरलेली असते : महिन्याचा टूर प्रोग्राम, रोजच्या भेटींचा अहवाल (डीसीआर), एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) व आउटस्टेशन (बाहेरगावी मुक्काम) भत्ता, टार्गेट गाठल्यास इन्सेंटिव्ह.

टीम खऱ्या अर्थाने घडते ती ‘जॉइंट वर्क’मध्ये, एरिया मॅनेजर सोबत फिरतो तेव्हा. लातूरसारख्या शहरात दुपारी दोनला दोघे दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेले असतात. आत शेवटचे चार पेशंट. नंतर मिळतात जेमतेम दोन मिनिटे. तिथे बोलायचे प्रतिनिधीनेच. मॅनेजरने मध्येच सूत्रे हाती घेतली, की त्या केबिनमध्ये पोराची पत उतरते. काय चुकले ते बाहेर आल्यावर, चहाच्या टपरीवर, एकट्याला सांगावे. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभे करून आकडे विचारण्याची रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तिने माणूस कामाला लागत नाही, दुसरी नोकरी शोधायला लागतो.

या नोकरीला कायद्याचा आधार मिळाला तो 1976 च्या विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियमाने. नेमणूकपत्र देणे त्याने बंधनकारक केले. मार्च 2024 मध्ये केंद्राने औषध विपणनाची एकसमान संहिता आणली. डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यास तिने मनाई केली. त्यामुळे औषधाची नेमकी माहिती आणि नियमित भेटी यांवरच प्रतिनिधीची भिस्त असायला हवी, आणि प्रशिक्षणावरचा खर्च टाळून चालणार नाही.

सर्वांत जास्त नुकसान महिनाअखेरीस होते. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, जाणारी ती ‘प्रायमरी’ विक्री, स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे जाणारी ‘सेकंडरी’. टार्गेट केवळ प्रायमरीवर बांधले, की क्लोजिंगच्या दिवशी मॅनेजरचे फोन सुरू होतात आणि प्रतिनिधी हातापाया पडून स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतो. आकडा भरतो, इन्सेंटिव्हही मिळतो. खोकी मात्र गोदामात तशीच राहतात, काही महिन्यांनी एक्स्पायरीत परत येतात. तोवर प्रतिनिधी बदललेला असतो, आणि नव्या पोराच्या पहिल्याच मीटिंगमध्ये तो परतावा त्याच्या विक्रीतून वजा होतो.