काम पुण्याला गेलं, नोकरी अमेरिकेतली गेली: ‘टीएए’ची मदत सेवाक्षेत्राला मिळते का?

आधी वाईट बातमी. अमेरिकेची ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए, ही परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांसाठी बंद आहे. मुदत संपली आणि अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ती वाढवली नाही. मग ही माहिती कोणासाठी? ज्यांच्या गटाला (एकाच कंपनीतल्या वा विभागातल्या कामगारांना) आधीच मंजुरी मिळाली होती आणि ज्यांची नोकरी ३० जून २०२२ पर्यंत गेली किंवा जाणार हे ठरलं होतं, त्यांच्यासाठी. त्यांचे हक्क शिल्लक असू शकतात.

त्यांनी सर्वात आधी आपल्या गटाच्या अर्जाचा क्रमांक शोधावा, कारण कोणते नियम लागू हे त्यावरच ठरतं. या योजनेमागचा १९७४ चा कायदा ‘वस्तू’ बनवणाऱ्यांसाठी लिहिलेला. परदेशी मालामुळे बसलेल्या कारखान्याचा कामगार त्यात सहज बसायचा, कोड लिहिणारा बसत नसे. सॉफ्टवेअरवाले कोर्टात गेले, तेव्हा कुठे २००६ मध्ये कामगार खात्याने मान्य केलं की हातात धरता न येणारं सॉफ्टवेअरही वस्तूच. कॉल सेंटर आणि बॅक ऑफिसला मात्र २००९ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. पुढे ती तरतूद दोनदा संपली. २०११ आणि २०१५ मध्ये परत आणली गेली. १ जुलै २०२१ ला सेवाक्षेत्र पुन्हा बाहेर! एकाच टीममधल्या दोघांचं नशीब निव्वळ अर्जाच्या तारखेवर ठरावं, हे मला आजही पटत नाही. क्रमांक ९०,००० ते ९७,९९९ मधला असेल तर २०१५ चा कायदा लागतो, म्हणजे सेवाक्षेत्र आत. ९८,००० पासून पुढे जुने, कडक नियम.

२०१५ च्या नियमांत गटाची पात्रता अशी होती: ५० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत किंवा विभागात किमान तिघांची नोकरी गेलेली वा धोक्यात, त्याहून मोठ्या ठिकाणी ५ टक्के किंवा ५० जण, यातला लहान आकडा. शिवाय कारण परदेशी हवं. कंपनीने तेच काम परदेशी हलवलं, परदेशातून विकत घेतलं, किंवा तशाच आयात सेवेमुळे धंदा घटला. पुण्याच्या टीमला महिनाभर ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम शिकवणं) देऊन मग डच्चू मिळालेल्यांना हे वेगळं समजवायला नको. नुसती मंदी किंवा खर्चकपात चालत नसे.

हा गट अर्ज (ईटीए-९०४२) कामगारांचा गट, युनियन, कंपनी किंवा राज्याचं कार्यालय यांपैकी कोणीही भरू शके. नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज होणं गरजेचं होतं.

गट मंजूर झाला म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत, इथेच अनेकजण फसतात. प्रत्येकाने आपल्या राज्याच्या रोजगार कार्यालयात स्वतंत्र अर्ज करायचा असतो. सोबत कामावरून काढल्याचं पत्र, पगाराच्या पावत्या किंवा डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वार्षिक पगार-कराचा फॉर्म), ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, बेरोजगार भत्त्याचा निर्णय. अमेरिकी नागरिक नसाल तर इमिग्रेशन दर्जाही तपासतात. साप्ताहिक भत्त्यासाठी नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांत त्या कंपनीत किमान २६ आठवडे काम झालेलं लागतं. मंजुरी किंवा नोकरी जाणं, यातलं जे नंतरचं, तिथपासून २६ आठवड्यांत प्रशिक्षणाला नाव नोंदवावं लागतं किंवा त्यातून सूट घ्यावी लागते.

पदरात काय पडायचं? प्रशिक्षणाचा खर्च. शिवाय साप्ताहिक भत्ता, बेरोजगार भत्त्याचे आठवडे धरून कमाल १३० आठवडे. वय ५० किंवा जास्त आणि नवी नोकरी वर्षाला ५०,००० डॉलरच्या आतली असेल तर पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर.

आज नोकरी गेली असेल तर टीएएच्या मागे लागू नका. बेरोजगार भत्त्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका आणि जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये ‘डिसलोकेटेड वर्कर’ (स्वतःची चूक नसताना नोकरी गेलेला कामगार) म्हणून नोंदणीबद्दल विचारा. तिथे काम परदेशी गेलं हे सिद्ध करावं लागत नाही.